आबांची देखरेख

आबा गेल्याचा दादाचा फोन आला, तेव्हा जर्मनीत सकाळ होती आणि मी मनातल्या मनात आबांशीच भांडत होते. दहा-बारा वर्षांचा वाद असा अर्धवट टाकून जाणे वडिलांच्या शिस्तीत बसत नव्हते... पण गेले. महिना उलटला, तरी माझी चिडचिड ओसरलेली नाही.

आबा धुळ्याच्या एस.टी. डेपोत वाहतूक नियंत्रक होते. एम.एस्सी.साठी मी रोज जळगावला जाऊ लागले आणि त्या मार्गावरचा प्रत्येक कंडक्टर माझा पालक झाला. पारोळा आले की भर गाडीत विचारणा होई, "ताई, आबा इचारी राह्यनात, डबा खादा का?" एकदा चिडून मी एरंडोललाच उतरले. पुढच्या गाडीचा कंडक्टर थांब्यावर उतरून माझ्या नावाने हाका मारू लागला.

पुढे संशोधनासाठी जर्मनीला आले. इथली सहा वर्षांची मुले एकटी शाळेत जाताना पाहिली आणि माझ्या तक्रारीला आधारच मिळाला. माझी मुलगी सईही तशीच जाते, असे मी आबांना फोनवर ठणकावले.

"एकटी? तठे रस्ताले गाड्या नहीत का?"

"आहेत. ती बघून ओलांडते."

"आनि तू खिडकीमातून बी देखस नही?"

"नाही. आणि तुम्हीही रोज फोन करून विचारायचं नाही. मुलांवर विश्वास टाकावा लागतो, आबा. माझ्यावर कधी टाकलात?"

(मी खिडकीतून बघत होते. पण ते कबूल करणे वादाच्या दृष्टीने गैरसोयीचे होते.)

आबा एवढेच म्हणाले, "बरं." मला "चुकलो" हा शब्द हवा होता. 'बरं' म्हणजे मान्यता, नाराजी की निव्वळ थकवा? वर्षभर मी त्यांच्या तोंडून 'चुकलो' काढू पाहिले. ते धुळ्याच्या उन्हाबद्दल बोलत राहिले.

दिवसकार्यासाठी धुळ्याला आले, तेव्हा सकाळी अकराला, म्हणजे जर्मनीतल्या साडेसातला, आबांचा मोबाइल वाजला. गजर होता. पडद्यावर अक्षरे होती : 'सई शाळेत निघाली'.

"रोजचंच आहे," दादा म्हणाला. "वाजला की फोन हातात घेऊन अंगणात येरझारा. मी म्हणायचो, लावा ना तिला एकदाचा. तर म्हणे, 'मी तिले बरं म्हनेल शे.'"

मी कॉलची यादी तपासली. त्या वेळी मला लावलेला एकही फोन नव्हता. 'इकडचा धाक, तिकडची मोकळीक' अशी माझी नीटनेटकी मांडणी होती. तिच्यात या येरझारांसाठी रकानाच नव्हता. पुरावा हाती आला, तो उलटतपासणीला माणूस उरला नसताना. हे एकदा सांगता आले नसते का, आबा?

आता तो मोबाइल दादाकडे आहे. आबांइतका संयम त्याच्याकडे नाही. गजर झाला की तो फोन लावतोच. "निघाली का सई?"

मी चिडते. मग सांगते, निघाली.