सुमनमावशींची कढई

भूमहून कुंथलगिरीकडे एसटी निघाली तेव्हा माझ्या मांडीवर कॅमेरा होता आणि पोटात कावळे ओरडत होते. एका पर्यटन संस्थेच्या पुस्तिकेसाठी धाराशिव जिल्हा फिरायचा, लिहायचं आणि फोटो काढायचे, असं माझं काम. नळदुर्ग झालं, तुळजापूर झालं, परंडा झालं. उरला होता इथला नावाजलेला खवा. संस्थेच्या साहेबांनी बजावलं होतं, "भट्टीचा धूर हवा, काळी भिंत हवी. अस्सल वाटलं पाहिजे." आता खवा बघायचा की भिंत, हे मला रत्नागिरीच्या बाईला काही उमगेना.

रस्ता बालाघाटाच्या उघड्या माळांवरून जातो. आमच्याकडे नजर झाडात अडकते, इथं ती सुटते ती थेट आभाळालाच टेकते. कडेला ज्वारी, मधूनच म्हशी. फाट्यावर उतरले तर आटणाऱ्या दुधाचा वास! त्या वासामागे मी चालत सुटले.

भट्टी सुमनमावशींची. वय साठीपुढचं, आवाज खणखणीत. त्यांची सून रेखा चुलाण्यात (मोठ्या चुलीत) लाकडं सारत होती. माझ्या गळ्यातला कॅमेरा दिसला मात्र, मावशी कडाडल्या, "ते आत आणायचं न्हाय!"

"का हो मावशी?"

"मागच्या साली एक पोरगं आलतं मोबाईल घिऊन. ह्या काळ्या भितीचा व्हिडिओ काढला आन् 'असल्या घाणीत पेढा होतो' म्हणून टाकला. बार्शीचा हलवाई आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यानं खवा न्यायचा बंद केला. भित दिसली त्याला, कढई दिसली न्हाय."

भिंत काळी कुळकुळीत होती खरी. पण रोज लाकूड जळणार, तर ती काय पांढरी राहील? त्या मेल्या पोराचा मला असा राग आला! आणि आमच्या साहेबांना हवी होती नेमकी तीच भिंत. मी कॅमेरा पिशवीत कोंबला आणि विचारलं, "नुसती बघत बसू का?"

"नुसत्या डोळ्यानं दूध नासतं. बघायचं तर हात चालव." लांब दांड्याचं उलथणं माझ्या हातात आलंसुद्धा.

दूध आटवणं म्हणजे गंमत नव्हे. खांदे भरून आले, घाम डोळ्यांत उतरला. चष्म्यावर वाफ धरली म्हणून तो पुसायला जरा थांबले, तोच मावशी ओरडल्या, "अगं बया, लागलं की बुडाला!" रेखानं उलथणं हिसकावून घेतलं आणि खवा वाचवला. बुडाची खरपुडी (खरवड) मावशींनी साखर भुरभुरून माझ्याच हातावर ठेवली. "तुज्या हातची हाय, तूच खा." अहाहा, काय चव ती! वर भाकरी आणि येसराची (भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची) आमटीही मिळाली.

खवा उतरला तशी रेखानं राख घेऊन कढई घासली. ती लखलखायला लागली तेव्हा मला राहवेना. "मावशी, एक फोटो काढू? भिंत पण घेते आणि कढई पण."

"भित कशाला?"

"त्या पोरानं अर्धीच भट्टी दाखवली. लोकांना अख्खी बघू दे."

मावशींनी भिंतीवरून एकदा नजर फिरवली. मग पदर खोचला आणि म्हणाल्या, "रेखा, धर गं तिकडचा कान." काळ्या भिंतीपुढं दोघींनी कढई दोन्ही कानांनी उचलून धरली, आतली बाजू माझ्याकडं करून.

धाराशिवला मुक्कामी पोचून फोटो पाठवला. साहेबांचा फोन आला. "भिंत झकास! तेवढ्या त्या बायका आणि कढई कापली तर?"

"मग माझा लेखही कापा," मी म्हटलं. ते "बघतो" म्हणाले आणि फोन ठेवला. त्या रात्री मला धड झोप नाही.

घरी परतल्यावर पुस्तिका आली. भीत भीतच पान उघडलं. भिंत, कढई, दोघीजणी, सगळं जिथल्या तिथं! एक प्रत भट्टीवर धाडून दिली. कुठलंही गाव बघताना आपले हात रिकामे असले की डोळे फार आगाऊ होतात, एवढं मात्र या फेरीत मला कळलं.

मग एके दिवशी मावशींचा फोन.

"बाई, हलवाई आलता! पुस्तक हातात घिऊन. खवा द्या म्हणला."

"दिलात?"

"तसा कसा दीन? आधी उलथणं दिलं हातात. म्हणलं, साल झालं लांबूनच बघतुयास, आता हात चालव."

मी हसता हसता डोळे पुसले. "मग? त्याचाही लागला का बुडाला?"

"लागला की! खरपुडी खाऊनच गेला."