सुमनकाकीचं कनेक्शन आणि गाऱ्हाण्याचा नारळ

आधी माफी मागतो. मी विमानप्रवासाबद्दल लिहितो आहे आणि मी स्वतः अजून विमानात बसलेलो नाही. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लोकांनी वाचावं असं काही लिहिताना हात अडखळतो. पण कॉलेज सुटल्यावर मी मालवणच्या बाजारात एका ट्रॅव्हल ऑफिसात तिकिटं काढतो. तिथे त्या दुपारी जे झालं ते मला कुणाला नीट सांगता आलं नाही. म्हणून लिहून बघतो.

सुमनकाकीचं विमान मुंबईवर घिरट्या घालत होतं. मी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ते बघत होतो. विमान कुठे आहे हे दाखवणारं एक अ‍ॅप असतं. त्यात मुंबईच्या उत्तरेला एक छोटं पिवळं विमान गोल गोल फिरत होतं. खाली उतरायला जागा नसली की असं फिरवत ठेवतात.

सुमनकाकी आमच्या वाडीतली. नवरा नाही, एकच मुलगी, दीपा. ती लग्न होऊन दोहाला गेली. जावई समुद्रातल्या तेलाच्या रिगवर कामाला. एकदा गेला की कित्येक आठवडे जमिनीवर येत नाही. दीपाचं पहिलं बाळंतपण. डॉक्टरांनी तिला विमानाने यायला मनाई केली, म्हणून माहेरच तिच्याकडे निघालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं सिझेरियन ठरलं होतं. काकी पोचली नाही तर ऑपरेशन थिएटरच्या बाहेर दीपाचं म्हणावं असं कुणीच असणार नव्हतं.

तिकीट मी काढलं होतं. गोवा ते मुंबई, मुंबई ते दोहा. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये. त्याचा फायदा असा, की मोठी बॅग थेट दोहाला जाते, मुंबईत उचलावी लागत नाही. दोन विमानांच्या मध्ये कमीत कमी किती वेळ हवा, हे ठरलेलं असतं. त्याला मिनिमम कनेक्टिंग टाइम म्हणतात. मी त्याहून बराच जास्त ठेवला होता. तो जास्तीचा वेळ ते पिवळं विमान माझ्यासमोर गोल गोल फिरत संपवत होतं.

आमच्या ऑफिसचे मालक भाई पूर्वी मुंबईच्या बसची तिकिटं काढायचे. ते म्हणाले, "आमच्या टायमाक बरा होता. बस चुकली तर मागच्या बसीत बसवूचा. डायवराक एक फोन केलो की काम झाला."

"भाई, पायलटाक फोन करूक येना नाय."

"ताच सांगतंय. बघीत ऱ्हवान विमान उतारतला काय? चाय घे."

विमान उतरलं. काकीचा फोन आला.

"अरे, इलंय मी. हय एक चेडू खुर्ची घेऊन उभा आसा. माका बस म्हणता. माजे पाय मोडलेत काय?"

ती खुर्ची मीच मागवली होती. बुकिंग करताना व्हीलचेअर असिस्टन्स लिहिता येतो. पायांनी धड असलेली पण इंग्रजी, हिंदी न येणारी माणसं असली की आम्ही तो लिहितो, कारण खुर्ची ढकलणारा माणूस प्रवाशाला इमिग्रेशन, सिक्युरिटी, गेट सगळीकडून बरोबर नेतो. आणि खुर्चीला रांगेत पुढे घेतात.

"काकी, बस गो तेच्यार. टाइम नाय आता."

"मी चलतंय. नारळ ठेवलंय खुर्चेर."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण ते तसंच होतं. व्हीलचेअरवर नारळ बसला होता, युनिफॉर्ममधली मुलगी ती ढकलत होती, आणि काकी मागून चालत होती.

आमच्याकडे कुणी लांब निघालं की ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालतात. गुरव घरातली सगळी अडचण देवाला मोठ्याने सांगतो, जमलेले "व्हय म्हाराजा" म्हणतात, आणि निघणाऱ्याच्या हातात नारळ देतात. काकीच्या गाऱ्हाण्याला मीही उभा होतो. "हो नारळ लेकीच्या उशाक पावय. वाटेत खंय जमनीर टेकव नको," असं गुरवाने सांगितलेलं मी ऐकलं होतं. तरी प्रवाशाला काय काय विचारायचं यात नारळ माझ्या डोक्यात आलाच नाही. लोणचं, तेल, चाकू, पॉवर बँक, सगळं विचारलं. नारळ म्हणजे सामान, असं आम्हाला कधी वाटतच नाही.

गोव्याला कुणी हटकलं नव्हतं. मुंबईला सिक्युरिटीत नारळ घातलेली हातातली बॅग मशीनमधून गेली आणि थांबली. पुन्हा फोन.

"हे म्हणतत नारळ नेवक गावाचो नाय. थंय डबो आसा, तेच्यात टाक म्हणतत. कचऱ्याच्या डब्यात! आता मी काय करू, सांग."

समोर स्क्रीनवर दोहाच्या विमानापुढे बोर्डिंग दिसत होतं. गेट विमान सुटायच्या बऱ्याच आधी बंद होतं, आणि प्रवासी आला नाही की त्याला ऑफलोड करतात, म्हणजे नाव काढून बॅगसुद्धा खाली उतरवतात. हे मी काकीला कसं सांगणार? मला जे सुचलं ते बोललो.

"काकी, ठेव थंयच आणि जा. दीपा वाट बघता."

मागे अनाउन्समेंट चालू होत्या, कुणीतरी ट्रे आपटत होतं.

"तू माज्या पोटचो झील असतंस तर असा सांगतंस?" ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

मी परत लावला. लागला नाही. थोड्या वेळाने लावला. स्विच ऑफ.

त्यापुढे माझ्या हातात काही नव्हतं. दोहाच्या विमानापुढे आधी डिलेड आलं. ज्या गर्दीने पहिलं विमान वर अडकवलं होतं, तिनेच दुसरं खाली अडकवलं होतं. मग डिपार्टेड आलं. विमान गेलं. त्यात काकी होती की नाही हे अ‍ॅप सांगत नाही.

मी एअरलाइनला फोन केला. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर एक माणूस बोलला.

"सर, आपण स्वतः प्रवासी आहात का?"

"नाही. तिकीट मी काढलंय."

"प्रवाशाची माहिती आम्ही दुसऱ्या कुणाला देऊ शकत नाही, सर. आणखी काही मदत हवी आहे का?"

दोहाहून दीपाचा फोन आला. तिला हॉस्पिटलात ॲडमिट करून घेतलं होतं.

"आई बसली मां रे इमानात?"

खोटं बोलणं सोपं होतं. "माका कळूक नाय, दीपा," मी म्हणालो. "फोन बंद आसा तिचो. इमान गेला."

"नर्स इचारता, भायर कोण आसतला? काय नाव लिवू?"

"आईचा लिव."

तिने बरं म्हटलं. फोन ठेवताना ती रडत होती की तिथला आवाज तसा होता, मला ओळखता आलं नाही.

भाईंनी शटर ओढलं. "तुझा काम तिकीट काढूचा. ता तू केलंस," ते म्हणाले. वाईट म्हणून नाही म्हणाले. खरंच काम तेवढंच आहे. पण वाडीत शिरताना काकीचं घर लागतं. कुलूप होतं. ओट्यावर तिची कोंबडी उगाच फिरत होती. काकी परत फिरली असेल तर मुंबईत त्या एवढ्या गर्दीत कुठे बसली असेल? कुणाला काय विचारत असेल? तिचं सिम दोहाला चालणार नव्हतं, त्यामुळे ती पोचली असती तरी फोन बंदच लागला असता. दोन्ही बाजूंनी सारखीच शांतता.

आईने ताट वाढलं. "इमान गेला मां? मगे तोंड कित्याक पाडलंस?" तिने विचारलं. मी तिला पीएनआर, ऑफलोड सगळं समजावलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे तुका पण म्हायत नाय." बरोबर होतं. एवढं शिकून मला विमान कुठे आहे ते कळत होतं. माणूस कुठे आहे ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लेक्चरला बसलो, पण लक्ष फोनकडे. सकाळ गेली. ऑपरेशनची वेळ गेली. दीपाचा फोन कुणी उचलला नाही. वाडीत दोघातिघांनी मला विचारलं, जशी बातमी माझ्याकडेच यायला हवी. काम बिघडलं की सगळ्यांना आमचा नंबर आठवतो. नीट झालं की कोण सांगायला येतो? त्यामुळे शांतता म्हणजे सगळं बरं, असं मी स्वतःला समजावत होतो. फार पटत नव्हतं.

संध्याकाळी ऑफिसात एका गिऱ्हाइकाचं तिकीट काढत असताना दीपाच्या नंबरवरून व्हॉइस मेसेज आला. आवाज काकीचा होता.

"अरे, तुझ्यार रागावलंय तां मनाक लावन घेव नको. तो नारळ डब्यात टाकूचो माका धीर होय ना. मगे त्या खुर्चेवाल्या चेडवाक इचारलंय, लगीन झाला तुझा? तिका भाषा कळाक नाय. मी गळ्याक हात लावन मंगळसूत्र दाखयलंय. ती हसली. तिणा युनिफॉर्माच्या आतसून आपला काढून दाखयल्यान. मगे म्हटलंय, देवाचोच नारळ, हिची ओटी भरतंय. पदर खंयचो तिका! गळ्यात रुमाल होतो, तो सोडून दोनय हातांनी पसरल्यान. मागे रांग उभी, पोलीस पण बघीत ऱ्हवलो, कोणी काय बोलाक नाय. नारळ जमनीर टेकाक नाय रे. मगे तिणा माका त्या खुर्चेर बसयल्यान आणि अशी पळयल्यान, अशी पळयल्यान, माका वाटला हीच इमान!"

भाई गिऱ्हाइकासमोर मोठ्याने हसले.

या सगळ्यातून मी जे शिकलो ते फारसं मोठं नाही. आता आमच्याकडे कुणीही कनेक्टिंग फ्लाइट मागितली की पासपोर्टच्याही आधी मी विचारतो, "नारळ आसा?" लोक वेड्यासारखे बघतात. मग बहुतेक जण म्हणतात, "आसा तर." मी म्हणतो, मोठ्या बॅगेत घालायचा, आणि तिथे चालतो का ते एअरलाइनला आधी विचारून घेतो. आणि पोचल्यावर मला एक मिस कॉल द्या, हेही सांगतो. काही देतात.

काकीच्या मेसेजचा शेवट मी भाईंना ऐकवला नाही. बाहेर जाऊन एकट्यानेच ऐकला.

"देवाचो नारळ उशाक ठेवूक गावलो नाय, म्हणान मी रातभर थंयच बसलंय. सकाळी दीपाक भायर हाडल्यानी तेव्हा नर्सन पयला माझ्याच हातात दिल्यान. चेडू झाला रे. बरा आसा. तुका कोणी सांगला काय नाय? आणि तू काल जेवलंस मां?"