उत्तर ध्रुवाची काळजी

उत्तर ध्रुवाची काळजी करणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. आहेरात आलेल्या सातव्या स्टीलच्या डब्यासारखे मामा माझ्या संसारात आले. परत करता येत नाहीत आणि ठेवायचे कुठे तेही कळत नाही. जालन्यातल्या एका बर्फाच्या कारखान्यात ते मशीनवर होते. समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. आमच्याकडचं मोठ्यात मोठं पाणी म्हणजे घनसावंगीकडची गोदावरी, तीही उन्हाळ्यात वाळूत शोधावी लागते. पण नव्वदच्या दशकात कधीतरी, ध्रुवाकडच्या समुद्रावरचा बर्फ पातळ होत चालल्याची चार ओळींची बातमी त्यांनी वर्तमानपत्रात वाचली आणि त्या दिवसापासून हा माणूस एका जागी स्वस्थ म्हणून बसला नाही.

कुणाच्याही घरी गेले, की चहा यायच्या आत ते उठून खिडकीपाशी जायचे, परत यायचे, टेबलावरच्या वस्तू इकडच्या तिकडे करायचे. सरबत आलंच तर त्यातला बर्फाचा खडा बोटानं दाबून पाहायचे. "मिठाचं पाणी धरायला, म्हंजे त्याचा बर्फ व्हायला, लई जोर लागतो, जावईबापू," ते मला म्हणायचे. "आमच्या टाकीत मिठाचंच पाणी आहे, त्यात गोड्या पाण्याचे डबे बुडवतो. डब्यातलं धरतं, टाकीतलं धरत न्हाई. अन तिथं अख्खा समुद्र धरतो! किती गारठा लागत असंल? आता तो गारठाच कमी पडून राह्यला." मुंबई बुडणार का, असं कुणी विचारलं की मात्र त्यांचा पारा चढे. काठोकाठ भरलेल्या पेल्यात बर्फ तरंगत ठेवून, तो विरघळेपर्यंत ते यजमानाला जागचं हलू देत नसत. "सांडलं का पाणी? तरंगता बर्फ विरघळला म्हणून पाणी चढत न्हाई. जमिनीवरच्या बर्फाची गोष्ट वेगळी. पण तुम्हाला फक्त मुंबईची पडली! त्या बर्फाच्या पोटाला हिरवं शेवाळ धरतं. ते खाऊन बारीक किडे, किड्यांवर मासे, माशांवर सील, सीलवर पांढरं अस्वल. बर्फ म्हणजे ह्या सगळ्यांच्या पंगतीची पत्रावळ आहे. पत्रावळच ओढून घेतली, मंग वाढायचं कशावर?" यजमान मान डोलवायचा आणि आतल्या मिसेसना खुणावायचा, की दुसरा चहा टाकू नको.

माझ्या मेहुणीचं लग्न बदनापूरला, भर मे महिन्यात ठरलं. नवरदेवाच्या वडिलांनी देणंघेणं काही मागितलं नाही. वऱ्हाडाला पंगतीत गार पाणी हवं, एवढीच अट घातली. जावयाला सासुरवाडीत मान असतो, असं मी ऐकून होतो. आमच्याकडे थोरल्या जावयाला पाण्याचं खातं मिळतं. मामांनी पहाटेच टेम्पोतून बर्फाच्या बारा लाद्या आणल्या, लिंबाखाली भुशात पुरल्या, वर ओलं गोणपाट टाकलं आणि आम्ही दोघं राखण करत बसलो. मी बसलो; मामा लिंबाभोवती फेऱ्या मारत होते.

वेळ जाईना म्हणून मी सहज विचारलं, "मामा, तो ध्रुवावरचा बर्फ एकदा कमी झाला की पुन्हा भरून येत नाही का हो?"

मामा थबकले. मग त्यांनी एक लादी ओढून काढली, तिचे दोन तुकडे केले आणि दोन्ही उन्हात ठेवले, एक चुना लावलेल्या ओट्यावर आणि दुसरा काळ्या मातीत. "बर्फ पांढरा, ऊन परतवून लावतो. समुद्र काळा, तो ऊन पिऊन घेतो. जितका बर्फ गेला तितकं काळं पाणी उघडं पडलं. ते तापलं की उरलेला बर्फही खातं. बघा आता."

मातीतला तुकडा पाहता पाहता आक्रसला. खोटं कशाला सांगू, मला चटकच लागली. वरून नुसती माती भुरभुरली तर काय होईल, म्हणून दुसरी लादी मी उघडली. तिसरीही मीच. या नादात बाकीच्यांवरचं गोणपाट बाजूला पडलंय, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. अक्षता पडल्याचा बँड वाजला तेव्हा लिंबाखाली चिखल होता आणि त्यात अडीच लाद्या.

"पाणी पाजताय का काढा?" पहिल्याच पंगतीत एक करवली ओरडली. नवरदेवाचे वडील हात न लावलेल्या पानावरून उठले. "ज्यानं बर्फ घालवला तो मांडवात दिसला न्हाई पाहिजे. मंगच बसतो."

सासूबाई भावावर कडाडल्या, "तुझ्या त्या अस्वलांनी माझ्या लेकीचं कार्य नासवलं!" सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. मीही पाहिलं. मामांनी टोपी नीट केली आणि ते चालते झाले. नवरदेवाचे वडील बसले.

अर्ध्या तासानं मी स्टेशनवर गेलो. मामा फलाटावर येरझाऱ्या घालत होते. "मामा," मी म्हणालो, "दोन लाद्या तर मीच उघडल्या होत्या."

"मी होतो की तिथं."

"मग बोलला का नाहीत?"

"इतकी वर्षं सांगून राह्यलो," मामा रुळांकडे बघत म्हणाले. "मान सगळेच हलवतात. आपल्या हातानं गोणपाट काढून बघणारे तुम्ही पहिलेच. तुमचं नाव कसं घेऊ?"

गाडी आली. जेवून जा म्हणालो, तर "ते व्याही पुन्हा उठतील" म्हणत चढले.

मांडवात परतलो आणि दिसेल त्याला सांगत सुटलो, की बर्फ मी उघडला, मामांनी नव्हे. कुणीही विश्वास ठेवला नाही. बायकोच्या मामाला पाठीशी घालतोय, असा जावई मिळायला नशीब लागतं, म्हणत सासऱ्यांनी मला पानावर बसवलं आणि आग्रहानं आणखी एक जिलेबी वाढली. ती मी तशीच पानाच्या कडेला सारली.