भटूच्या दोरावर

आमचा मुलूख तव्यासारखा सपाट. माझ्या गावात, असोद्यात, केळीच्या बागेपेक्षा उंच म्हणजे पाण्याची टाकी, आणि तिच्यावर मी कधी चढलो नव्हतो. उंचावर उभं राहिलं की माझे गुडघे माझं ऐकत नसत. पलटणीत ही गोष्ट बरीच वर्षं लपली. मग पोस्टिंग हिमालयात आली आणि गिर्यारोहणाच्या टीममध्ये माझं नाव लागलं. नाव कोणी दिलं, असं विचारायची फौजेत पद्धत नाही.

डोंगरावर प्रत्येकाला एक बडी असतो, म्हणजे दोरावरचा जोडीदार. माझा बडी नायक भटू, धुळे तालुक्यातला. तो अहिराणी बोलायचा, मी आमची लेवा बोली. आम्ही एकमेकांच्या बोलीची टिंगल करायचो आणि टीमचे कॅप्टन साहेब दोघांनाही हिंदीत झापायचे.

पहिल्याच सरावात कड्याच्या मध्यावर माझे हातपाय आखडले. खालून चढाई शिकवणारा उस्ताद ओरडत होता, "ऊपर देखो!" वर बघूनही काही फरक पडेना. वरून भटूने हाक दिली.

"भाऊ, असोदानं भरीत कसं करतस, सांग बरं."

मला संताप आला. "ही काय वेळ आहे का?"

"सांग ना. वांगा कसावर भाजतस?"

"पऱ्हाटीवर," मी म्हणालो. पऱ्हाटी म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या.

"मंग एक पाय वर घे. पुढे?"

वांगी सोलायची. पाय वर. लाकडी बडगीत घालून मुसळीने ठेचायची. हात वर. हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात. फोडणी पडेपर्यंत मी माथ्यावर होतो. पुढे तीच आमची रीत झाली. तो विचारणार, मी सांगणार. मी काही गाळलं की लगेच म्हणायचा, "मिरच्या इसरना का?" आम्ही कसला तरी कोड बोलतो, असं साहेबांना वाटायचं.

मुख्य चढाईच्या दिवशी हवा साफ होती. भटू पुढे, मी मागे, बाकी टीम खालच्या अँकरवर, जिथे दोर खडकात ठोकला होता. ऊन चढलं की बर्फात रुतलेले दगड सुटतात, म्हणून आम्हाला त्याआधी परतायचं होतं. कड्याला धरून एक हातभर रुंद कपार, फळीसारखी, आडवी गेली होती. भटूने ती पार केली आणि वरून दगड आला. तो त्याच्या छातीवर बसला. भटू खाली गेला नाही, दोराला लटकला. मी हाक मारली. त्याने फक्त हात हलवला.

रेडिओवर कॅप्टन साहेब होते; तिथे आमच्या जोडीचं नाव ब्राव्हो. "ब्राव्हो, सिच्युएशन बताओ. ओव्हर."

"भटू घायल है साहब. कपार के उस पार. ओव्हर."

"हमें वक्त लगेगा. तुम पहुँच सकते हो? ओव्हर."

कपारीखाली दरी होती, मधे काही नाही. माझी पाचावर धारण बसली होती. मी बटण दाबलं. "पहुँचता हूँ साहब. ओव्हर."

विचारायला कोणी नव्हतं. मीच विचारत आणि मीच सांगत सरकत गेलो.

भटूला ओढून कपारीवर घेतलं, बांधलं, डोकं मांडीवर घेतलं. श्वास घरघरत होता. त्याला जागं ठेवायचं होतं, म्हणून या खेपेला प्रश्न मी विचारले. तो पऱ्हाटी म्हणाला. मिरच्या म्हणाला. कांद्याच्या पातीपाशी गप्प झाला. टीम पोहोचली तेव्हाही मी विचारतच होतो. साहेबांनी मला थांबवलं.

जवानाचं पार्थिव घरी न्यायला त्याच्या मुलखातला माणूस पाठवतात. मी गेलो. सलामीच्या फैरी झाल्या, गर्दी पांगली. भटूचे वडील, आबा, माझ्याशेजारी येऊन बसले. मी उत्तरं तयार ठेवली होती, की तो शूर होता, त्याला फार त्रास झाला नाही. त्यांनी त्यातलं काहीच विचारलं नाही.

"भाऊ, एक सांग. उन्हायामा आम्ही बठ्ठा धाबावर झोपूत. हाऊ एकला खाले आंगनमा. निसनीवर पाय ठेवे नही, इतला भ्याये. मंग तठे कसा चढे तो?"

निसनी म्हणजे शिडी. धाबं म्हणजे घराचं मातीचं छत, फार तर दीड पुरुष उंच. मी मान वर करून ते बघितलं. किती कडे मी त्याच्या मागे चढलो होतो, आणि तोही उंचीला भ्यायचा, हे मला कधी कळलं नव्हतं. तिथे मला रडू आलं, ते मी आवरलं नाही.

"आबा," मी म्हणालो, "तो मला चढवायचा."

 आबा माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "तू संगे व्हता, म्हनीसन चढना तो."