दिव्याची संध्याकाळ नेमकी सांगणारे नहूमकाका

श्री. नहूम खांबकर यांची आणि माझी पहिली भेट चुकीच्या दिवशी झाली. चूक माझी होती. मी तेव्हा पेणच्या महाविद्यालयात इतिहास घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि पेण ते रोहा या पट्ट्यातल्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, कुटुंबांवर प्रकल्प करायचा म्हणून नवी वही घेऊन निघाले होते. सुट्टीचा वार शनिवार म्हणून तोच धरला. आमच्या जोहे गावाहून पेण, पेणहून रोहा अशा दोन एसटी बदलल्या आणि पुढे काकांच्या गावापर्यंत, वरशाला, चालत गेले. दार काकांनीच उघडले. मी नाव सांगितले आणि पिशवीतून वही काढली.

"आज शनवार," काका म्हणाले. "आज या घरात पेन चालत नाय. तू बस, चहा घे, ऐक. लिहायचं ते उद्या लिही."

चहा थर्मासमधला होता, कारण शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या, दिवशी चूलही पेटत नाही. मी गणपतीच्या कारखान्यात वाढलेली मुलगी. आमच्याकडची जुनी माणसे या लोकांना 'शनवारतेली' म्हणत हे मी ऐकले होते, पण तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी घाण्याचा बैल सोडून ठेवत म्हणून ते नाव पडले, हे त्या दिवशी कळले. दोन तास मी नुसती ऐकत बसले. दुसऱ्या दिवशी घरी आठवून आठवून जेमतेम दोन पाने लिहिली आणि पुढच्या रविवारी ती काकांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचली.

"नावं बरोबर हायत," ते म्हणाले. "माणसं नाय आली."

त्या वाक्याने मी रडकुंडीला आले होते. आज वाटते, माझे खरे शिक्षण त्या वाक्यापासून सुरू झाले.

काकांची नोकरी एसटीतली. आधी वाहक आणि नंतर रोह्याच्या स्थानकावर वाहतूक नियंत्रक. त्यांच्या हाताखाली काम केलेले लोक सांगतात की काका घड्याळाचे पक्के होते, पण संध्याकाळच्या शेवटच्या गाडीपाशी त्यांचे लक्ष घड्याळापेक्षा फाटकाकडे असे. कंपनीची शिफ्ट सुटलेल्या बाया धावत येताना दिसल्या की ते चालकाला नुसता हात दाखवत. एका चालकाने एकदा विचारले, "साहेब, टायमाचं काय?" काका म्हणाले, "टाईम यांच्यासाठीच लावलाय ना?" निवृत्त झाल्यावर हाच माणूस गावोगाव हिंडून आपल्या समाजातल्या गेलेल्या वडीलधाऱ्यांची आयुष्ये लिहू लागला, याचे त्यांच्या सहकाऱ्यांना मुळीच आश्चर्य वाटले नाही.

या कामाची पद्धत काकांनी स्वतः ठरवली आहे. प्रत्येक माणसाला वहीत दोन पाने. त्यात त्याचा धंदा, त्याचे घर, त्याची एक खोड आणि त्याने कुणासाठी केलेले एक काम. घरच्यांनी सांगितले तेवढे पुरत नाही. समाजाबाहेरच्या निदान एका शेजाऱ्याला विचारल्याशिवाय पान पुरे होत नाही. बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली, काही मुंबईला आणि ठाण्याला. मागे राहिले ते शेजारी. "आपली माणसं कशी व्हती ते आता कुणब्याच्या नि आगऱ्याच्या ओट्यावर बसून कळतं," असे काका म्हणतात. पानाच्या शेवटी त्या माणसाच्या मृत्यूची तिथी असते. दरवर्षी ती तिथी जवळ आली की काका त्याच्या मुलानातवंडांना फोन करून सांगतात, "परवा संध्याकाळी दिवा लावायचा हाय हां."

इथे वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. आपला दिवस सूर्योदयाला सुरू होतो, त्यांचा सूर्यास्ताला. म्हणून मंगळवारी दुपारी गेलेल्या आणि मंगळवारी रात्री गेलेल्या माणसाची तिथी एक नसते. त्यामुळे काकांचा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो, "दिवे लागायच्या आधी का नंतर?" मला सुरुवातीला याचे हसू यायचे. नंतर मीही तोच प्रश्न आधी विचारू लागले.

काका आमच्या घरी पहिल्यांदा आले ते मी पदवीधर झाले त्या आठवड्यात. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. त्यांच्या पत्नी लेआकाकूंनी गव्हाच्या चिकाचा हलवा करून डबा भरून आणला होता. कारखान्यात रंगकाम चालू होते. बाबांना काकांना कुठे बसवावे कळेना. शेवटी रंगाचे डबे बाजूला सारून त्यांनी स्टूल पुसून दिले आणि संकोचतच विचारले, "काका, तुमच्यात मूर्ती नाय, आमचा तर सगळा संसार मूर्तीवर. तुम्हाला इथं बसलेलं चालतं ना?"

काका म्हणाले, "तुम्ही आठ महिने घाम गाळता नि दहा दिवसांनी ती पाण्यात सोडता. मला एक वही हातातून सुटत नाय. तुमच्याकडून शिकायला बसलोय."

बाबा मोठ्याने हसले. मी पुढे शिकावे की नाही, हा प्रश्न आमच्या घरात त्या दिवसानंतर फारसा निघाला नाही. काकांनी त्यावर एक शब्दही काढला नव्हता. जाताना फक्त म्हणाले, "हिला दर रविवारी माझ्याकडे पाठवा. माझं काम अडतं."

आता या लेखात मला जे सांगायचे आहे त्याकडे येते. काकांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथात असे लिहू नये, असे समितीतल्या एकदोघांनी मला प्रेमाने सुचवले होते. पण काकांनी लेखाला परवानगी देताना अटच घातली, "माझी चूक लिहिणार असशील तर लिही. नायतर राहू दे."

काकांच्या मूळ गावी, खांबला, सिमाबाई नावाच्या सुईण होत्या. गावातली निम्मी माणसे त्यांच्या हातावर जन्मलेली, स्वतः नहूमकाकाही. पती लवकर गेले. एकुलती मुलगी रिबकाबाई लग्नानंतर इस्रायलमधल्या दिमोना गावी गेली. सिमाबाई वारल्या तेव्हा काका विशीत होते, वाहकाची नोकरी नुकती लागलेली. ड्यूटी संपवून ते अंधार पडल्यावर खांबला पोचले. घरात माणसे जमली होती आणि सिमाबाईंच्या उशाशी दिवा जळत होता. काकांनी तिथी मांडली आणि वडिलांच्या सांगण्यावरून रिबकाबाईंना पत्र लिहिले, की आई दिवेलागणीनंतर गेली आणि जवळ घरचे कुणी नव्हते.

काकांनी लिहिलेली ही पहिली तिथी. पुढे वही सुरू केली तेव्हा ती तशीच उतरवली. जवळजवळ पन्नास वर्षे रिबकाबाई त्या संध्याकाळी दिवा लावत आल्या. आता त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. दरवर्षी काकांचा फोन गेला की त्या एकदा तरी म्हणत, "काळोखात एकटीच गेली रे माझी आई." फोन स्पीकरवर असे, त्यामुळे हे मीही दोनदा ऐकले आहे.

गेल्या वर्षी वहीची छपाई करायचे ठरले. सिमाबाईंच्या पानावर शेजाऱ्याची साक्ष नव्हती, म्हणून मी एकटीच खांबला गेले. शेजारच्या तानीआजी ओटीवर कडवे वाल निवडत बसल्या होत्या. सिमाबाई गेल्या तेव्हा त्या दोन पोरांच्या आई होत्या. सवयीप्रमाणे मी विचारले, "दिवे लागायच्या आधी गेल्या की नंतर?"

"दिवे कसले गो?" तानीआजी म्हणाल्या. "ऊन व्हतं. माझे वाल अंगणात सुकत व्हते. मी ते भरायला बसली, नि मावशीनं हाक मारली. वाल सोडून धावली मी. शेवटाला मांडीवर डोकं व्हतं तिचं."

"मग उशाशी दिवा?"

"तो मी लावला, ती गेल्यावर. कुणीतरी लावाया नको?"

म्हणजे काकांनी पाहिलेला दिवा संध्याकाळचा नव्हताच. खरी तिथी एक दिवस आधीची होती आणि रिबकाबाईंचा दिवा दरवर्षी एक संध्याकाळ उशिरा लागत होता.

परतीच्या गाडीत मी स्वतःशी फार भांडले. नोंद तशीच ठेवली असती तर कुणाला कळणार होते? ज्या माणसाच्या शब्दावर दोन देशांतली घरे दिवे लावतात, त्याची पहिलीच नोंद चुकीची निघावी आणि ती मी काढावी, हे मला सोसत नव्हते. पण नावांत माणसे आणायला ज्यांनी शिकवले त्यांच्यापासूनच हे लपवणे त्याहून वाईट होते. मी थेट वरशाला उतरले आणि सगळे सांगितले.

काकांनी वही उघडून सिमाबाईंचे पान काढले. मग विचारले, "वाल कुठं सुकत व्हते? पुढच्या अंगणात का मागच्या?"

"पुढच्या."

"पुढचं अंगण पश्चिमेला. तिथं ऊन व्हतं म्हणजे सूर्य बुडाला नव्हता. आधीच गेली ती." त्यांनी चष्मा काढून ठेवला. "मी इचारलंच नाय कुणाला. दिवा दिसला नि लिहून टाकलं."

लेआकाकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "आता त्या म्हातारीला सांगू नका हां. पन्नास वर्षं तिनं श्रद्धेनं लावला दिवा. या वयात तिला कशाला घोर?"

"तिला नाय सांगितलं तर पुढच्या वर्षी फोन कुठल्या तोंडानं करू?" काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे खांबला गेलो. फोन आपण तानीच्या ओटीवरूनच करायचा, असे काकांनी ठरवले होते. तानीआजींनी त्यांना पाहताच सुरुवात केली. "ये रे नहूम. एसटीचा मास्तर झालास, गावोगावच्या म्हाताऱ्या पालथ्या घातल्यास. माझ्या ओटीवर यायला पन्नास वर्षं लागली तुला?"

"चुकलं माझं, तानी."

"मग बस आता. तोंड बघत उभा राहू नको."

काकांनी फोन लावला. रिबकाबाई पडद्यावर आल्या. काकांनी कसलीही प्रस्तावना न करता सांगितले की तिथी चुकली आहे, चूक माझी आहे, आणि ती कशी झाली. मी रिबकाबाईंच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्या रागावतील, निदान दुखावतील असे मला वाटले होते. पण त्या म्हणाल्या, "तानी हाय का तिथं? दे तिला."

तानीआजींनी फोन कानाला लावला. काकांनी तो पुन्हा त्यांच्या तोंडासमोर धरला.

"तू व्हतीस तिच्याजवळ?" रिबकाबाईंनी विचारले.

"व्हय गो. मीच व्हती."

"काय बोलली ती?"

"पाणी मागितलं. दिलं. मग म्हनली, तुझे वाल राहिले ना गो भायेर, जा, भर जा. मी म्हनली, राहूंदे."

रिबकाबाई हसल्या आणि हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले. "आईच ती," त्या म्हणाल्या. "मी डोळे मिटले की ती मला काळोखातच दिसायची. ऊन व्हतं म्हणतेस तू?"

"चांगलं ऊन व्हतं."

मग त्या काकांना म्हणाल्या, "नहूम, तू दिव्याचं मनाला लावून घेऊ नको. एक दिवस उशिरा लावला म्हणून आई काय रुसणार नाय. पण हे तू मला आज सांगितलंस ते बरं केलंस." यानंतर दोघी म्हाताऱ्या अर्धा तास बोलत होत्या. कुणाची पोरे काय करतात, तिकडे वाल मिळतात का, मिळाले तरी चव येते का. काका ओटीच्या टोकाला बसून ऐकत होते. त्यांचा चेहरा इतका मोकळा मी आधी पाहिला नव्हता.

यंदा सिमाबाईंचा दिवा दिमोनात आणि वरशात योग्य संध्याकाळी लागला. वहीतल्या त्यांच्या पानावर तानीआजींचे नाव आले. जुनी तिथी काकांनी खोडली नाही, तिच्याखाली नवी लिहिली आणि पुढे स्वतःची सही केली.

काका पंच्याहत्तरीत आले आहेत. त्यांच्या समाजात माणसाला एकशेवीस वर्षांचे आयुष्य चिंततात. मीही तेवढेच चिंतते, आणि त्यात गुडघे धड राहोत ही भर घालते, कारण वरशाहून निघून दोन गाड्या बदलायची हौस काही कमी झालेली नाही. पेणपासून रोह्यापर्यंतच्या ओट्यांवर अजून कितीतरी म्हातारी माणसे बसलेली आहेत. कुणी शेजारणीला शेवटचे पाणी पाजले आहे, कुणी कुणाच्या उशाशी दिवा लावला आहे, आणि त्यांना अजून कुणी काही विचारलेले नाही. काकांना उदंड आयुष्य लाभो. ते त्यांच्यासाठी मी मागतेच. या माणसांसाठीही मागते.