धनेशीणबाईंचा गिलावा

आमच्या गल्लीतल्या सुतारबुवांना सगळे पॉलिशमास्तर म्हणतात. त्यांनी केलेल्या कपाटात बघून दाढी करता येते. असं दिवसातून दहादा तेच सांगतात.

गल्लीमागच्या रानातलं ढोलीचं झाड वादळात कोसळलं आणि धनेशाची जोडी बेघर झाली. केवढे ते पक्षी! उडाले की अंगणभर सावली, चोचीवर पिवळाधमक टोप. पण घर बांधायचं म्हणाल तर शून्य. आयती मोठी ढोली मिळाली तरच मादी अंडं घालणार, नाहीतर वर्ष फुकट. मास्तरांचा या जोडीवर भारी जीव. त्यांनी पिंपाएवढी पेटी ठोकली, उंच झाडावर बांधली आणि मिशीला पीळ भरला.

मादी आली, आत शिरली, दाराच्या कडांना चोचीनं लिंपण थापू लागली. लिंपण घसरून खाली. पुन्हा थापलं, पुन्हा खाली. शेवटी वैतागून उडून गेली. रोज हेच. इकडे हंगाम सरत चाललेला.

"मास्तर, बाईंना रंग पसंत नाही वाटतं!" गल्लीनं चिडवून घेतलं. मास्तरांना घास गोड लागेना.

मास्तरांची बायको भिंतींना गिलावा करते. पक्षी लांब गेलेले बघून ती शिडीवर चढली आणि पेटीच्या दारातून हात फिरवला.

"अहो, दाराच्या कडांनाही पॉलिश?"

"मग! माझं काम आतबाहेर सारखं."

"डोंबल! ती दार लिंपून स्वतःला कोंडून घेते ना? या आरशाला लिंपण धरेल कसं? मी भिंतीला आधी खाचा पाडते, ते काय हौस म्हणून?"

स्वतःच्या पॉलिशवर छिन्नी चालवताना मास्तरांचा चेहरा असा, जणू कुणी दाढ उपटतंय.

पण लिंपण धरलं! बाई आत, दार बंद, चोचीपुरती फट तेवढी उघडी. नर गळ्यात भरभरून उंबरं आणी आणि एकेक काढून भरवी.

"नवरा असावा तर असा!" बायको म्हणाली. मास्तरांना तेवढ्यात खोकला आला.

पुढे आई दार फोडून बाहेर आली, तर पिल्लानं आतून पुन्हा लिंपून घेतलं. आणि एके सकाळी ते पठ्ठं दार फोडून थेट गल्लीवरून गेलं, पंखांचा घूंऽघूं आवाज करत.

"माझी पेटी!" मास्तर ओरडले.

"आणि खाचा?"

"तुझ्या गं बाई, तुझ्या!" मास्तर इतक्या जोरात म्हणाले की अख्ख्या गल्लीनं ऐकलं.