खुर्ची आधीच बाहेर होती

त्या रविवारची दुपार माझ्या मनातून अजून गेलेली नाही. नोकरीत मी खून पाहिले, दंगली पाहिल्या. पण मत्सराने माणूस कुठवर जाऊ शकतो, हे मला त्या एका प्रकरणात जितके जवळून दिसले तितके पुन्हा कधी दिसले नाही.

तेव्हा मी उत्तर चेन्नईत समुद्राकाठच्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. आमचे घराणे तंजावूरकडचे. घरात जुन्या वळणाची मराठी, बाहेर तमिळ. या प्रकरणातले सगळे बोलणे तमिळमध्येच झाले. इथे ते मराठीत लिहितो आहे. नाव मात्र कोणाचेच देत नाही.

आमच्या हद्दीत मच्छीमारांची एक ख्रिस्ती वस्ती होती. कालव्यापलीकडे दुसरी वस्ती, तीही मच्छीमारांचीच, पण त्यांचे देऊळ वेगळे. होड्या कुठे लावायच्या यावरून दोन्हींत जुने वैर. ख्रिस्ती वस्तीतले प्रार्थनामंदिर एका म्हाताऱ्या पाळकाने उभे केले होते. तो गेल्यावर त्याची गादी थोरल्या मुलाला मिळणार असे सगळे धरून चालले होते. मुलगा वडिलांच्या हाताखाली तयार झालेला, गाणी तोच सांगायचा, आजाऱ्यांकडे तोच जायचा. पण मंडळीने पाळक म्हणून निवडले धाकट्या मुलीला. लोक तिला पास्टरम्मा म्हणू लागले. भाऊ काही बोलला नाही. पूर्वीसारखाच रविवारी दारे उघडत राहिला.

त्या वर्षी वादळात पलीकडच्या वस्तीत पाणी शिरले, तेव्हा पास्टरम्माने तिथल्या कुटुंबांना प्रार्थनामंदिरात आसरा दिला. तिच्याच मंडळीतले काही वडीलजन कुरकुरले. ती म्हणाली, “पाण्यानं विचारलं नाही कुणाचं घर आहे ते. मी तरी कशाला विचारू?”

रविवारची उपासना आटोपून सगळे पुढच्या अंगणात एकत्र जेवायला बसलेले असताना मागच्या बाजूने आग लागली. ठाण्यात फोन आला तो आगीचा नव्हता. “माणूस मारतायत, लवकर या,” एवढेच एक बाई सांगत होती.

आम्ही पोचलो तेव्हा छपराच्या लाकडी तुळया पेटल्या होत्या. पण गर्दीची पाठ आगीकडे होती. वाळूत ओढून ठेवलेल्या एका होडीला टेकून पलीकडच्या वस्तीतला एक मेकॅनिक बसला होता, तोंडातून रक्त येत होते. हा होड्यांची इंजिने दुरुस्त करायचा. आत कोणी राहिले का ते पाहायला तो मंदिरात शिरला होता आणि धूर असह्य झाल्यावर पळत बाहेर आला होता. लोकांनी पळताना पाहिले, कपड्यांना डिझेलचा वास आला, आणि निकाल लागला. इंजिनवाल्याच्या कपड्यांना दुसरा कसला वास येणार?

त्याच्यापुढे पास्टरम्मा हात पसरून उभी होती. कपाळावर दगड लागला होता. समोर तिचीच मंडळी.

“आग कुणी लावली ते मला माहीत नाही,” ती म्हणत होती. “तुम्हालाही माहीत नाही. कळेपर्यंत याला कुणी हात लावायचा नाही. लावायचाच असेल तर आधी मला बाजूला करावं लागेल.”

ती घाबरलेली होती हे स्पष्ट दिसत होते. पण ती हलली नाही. आम्ही कडे करून मेकॅनिकला दवाखान्यात पाठवले. त्या गोंधळात माझी नजर तिच्या भावावर गेली. बहुतेक जण तिच्याकडे, मेकॅनिककडे किंवा आमच्याकडे पाहत होते. तो मात्र त्या सगळ्यांचे चेहरे पाहत होता. तिच्याकडे पाहणाऱ्यांचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचनामा केला. मागच्या खोलीत चटयांचा ढीग होता, आग तिथूनच सुरू झाली होती आणि तिथे रॉकेलचा वास स्पष्ट होता. राखेचे नमुने तपासणीला पाठवले. मंदिरामागे वाळूत जुनी सागवानी खुर्ची होती, साधा डागही न लागलेली. ती जुन्या पाळकाची. वडीलजन म्हणाले, कुणीतरी आगीतून वाचवली असणार. मीही तसेच लिहून घेतले.

खबर मिळाली ती सुकी मासळी विकणाऱ्या एका बाईकडून. ती ठाण्यात आली नाही. ठाण्यात जाताना दिसले की वस्तीत तोंड दाखवता येत नाही, हे कोणत्याही पोलिसाला ठाऊक असते. आमची महिला हवालदार तिच्याकडून नेहमी मासळी घ्यायची. मासळी बांधता बांधता बाई म्हणाली, “ती खुर्ची आगीच्या आधीच बाहेर होती. मला वाटलं, झाडलोट चाललीय. धूर नंतर आला.”

हवालदाराने ते येऊन सांगितले आणि माझ्या डोक्यातले चित्र उलटे झाले. आग लावणाऱ्यानेच खुर्ची बाहेर काढली होती. पलीकडच्या वस्तीतला माणूस ती कशाला वाचवेल?

मी पास्टरम्माकडे गेलो. खुर्ची आधी बाहेर काढली होती, इतकेच सांगितले. मला ती आदराने ‘अय्या’, म्हणजे साहेब, म्हणायची.

“अय्या, तुम्ही नाव विचाराल आणि मी सांगेन,” ती म्हणाली. “खोटं बोलणार नाही. पण आधी त्याला सांगायची संधी द्या.”

“तपास थांबवता येणार नाही, बाई.”

“थांबवू नका. तो मेकॅनिक जीव गमावून बसला असता.”

ती कोणाबद्दल बोलते आहे ते मला कळले होते. भावाला ठाण्यात बोलावले. पहिला तासभर तो शांतपणे उत्तरे देत राहिला. कुठे होतास, अंगणात. काय केलेस, वाढत होतो. वयस्क, सभ्य माणूस; अशा माणसावर आवाज चढवून काही मिळत नाही. पंचनाम्यात जप्त केलेली खुर्ची व्हरांड्यात उन्हात ठेवली होती. खोलीच्या दारातून ती दिसत होती. त्याची नजर पुन्हा पुन्हा तिकडे जाई. एवढ्यात आमचा एक शिपाई बुटाची नाडी बांधायला तिच्यावर टेकला.

“तिच्यावर बसू नका,” भाऊ एकदम म्हणाला. “वडिलांची आहे.”

मी शिपायाला उठवले, खुर्ची सावलीत घ्यायला सांगितली, आणि विचारले, “म्हणून आधी बाहेर काढली?”

तो रडला नाही. उलट बांध फुटावा तसा बोलू लागला.

“तिनं त्या खुर्चीवर पलीकडच्या बायका बसवल्या, अय्या. ओल्या लुगड्यांनी. मी आयुष्यात कधी तिच्यावर बसलो नाही. पंधरवड्यातून एकदा तेल लावायचो. वडील आजारी होते तेव्हा त्यांचं सगळं मी केलं. ती तेव्हा शिकायला बाहेर होती. परत आली, एक उपदेश केला, आणि लोक रडले. मी बोलायचो तेव्हा लोक घड्याळ बघायचे. माझी बायकोसुद्धा घरी येऊन म्हणायची, आज तुझी बहीण काय छान बोलली. माझ्या घरात, माझ्या ताटासमोर.”

“पण आग?”

“लोकांनी म्हणावं की हिनं परक्यांना आत घेतलं म्हणून देवाचं घर गेलं. एवढंच हवं होतं. सगळे अंगणात होते, आत कुणी नाही हे बघूनच काडी लावली. तो पोरगा आत शिरेल हे मला काय माहीत?” मग तो हसला, पण त्या हसण्यात आनंद नव्हता. “आणि झालं काय? तिनं दगड खाल्ला आणि आणखी मोठी झाली. आग मी लावली, उजेड तिच्यावर पडला.”

पोलिसांपुढचा कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही. त्याला विचार करायला वेळ दिला, मग दंडाधिकाऱ्यांपुढे नेले. तिथेही त्याने तेच सांगितले. पुढे तपासणीचा अहवाल आणि मासळीवालीचा जबाबही त्याच्याशी जुळला. तिनेही शेवटी धीर करून जबाब दिला.

कबुलीच्याच आठवड्यात तिघे वडीलजन माझ्याकडे आले. म्हणाले, घरातली गोष्ट आहे, मंडळीची अब्रू जाईल, वायरिंगमुळे आग लागली असे लिहा. मी नकार दिला. त्यातला एक हळूच बोलून गेला, “बाईला जरा जास्तच मान मिळतोय, हेही खरंच ना.” मला कळले की तो भाऊ एकटा नव्हता. काडी त्याने लावली, रॉकेल अनेकांच्या मनात साठलेले होते.

पुढच्या रविवारी सकाळी जळक्या भिंतींसमोर वाळूत उपासना झाली. बंदोबस्ताला मी स्वतः होतो. पलीकडची माणसेही कडेने उभी होती, त्यांत दवाखान्यातून आलेला मेकॅनिकही. वडीलजनांनी तिला गप्प राहायला सांगितले होते, हे मला माहीत होते. ती उभी राहिली आणि म्हणाली, “आग माझ्या भावानं लावली. ज्याला आपण मारलं त्यानं काही केलं नव्हतं.” मग ती मेकॅनिकपाशी गेली आणि सगळ्यांदेखत त्याची माफी मागितली. काही लोक उठून निघून गेले. त्यांतले बरेच परत आले नाहीत, असे पुढे ऐकले.

न्यायालयात तिने भावाविरुद्ध साक्ष दिली, काही लपवले नाही. त्याला शिक्षा झाली. त्याची बायकामुले तिने आपल्या घरी आणली. दर महिन्याला ती तुरुंगात त्याला भेटायला जाई.

एका दुसऱ्या कामासाठी मी तुरुंगात गेलो असताना त्याला भेटलो. वाळला होता. बहीण येते ना, म्हणून विचारले.

“येते,” तो म्हणाला. “ती रागावली असती तर मला सोसलं असतं, अय्या. ती येते, पहारेकरी उभे राहतात, बाकीचे कैदी म्हणतात, काय देवमाणूस आहे तुझी बहीण. इथंही तीच.”

हे तिला सांगावे की नाही, मी दोन दिवस विचार केला. मग सांगितले. ती स्वतःची बाजू मांडेल, असे मला वाटले होते. पण तिने तसे काही केले नाही. डोळे भरून आले होते.

“मग मी जाणार नाही,” ती म्हणाली. “वहिनी जाईल. मी काही पाठवलं तर ते तिनं केलं असं सांगेल.”

मंडळीत लगेच कुजबुज सुरू झाली. भावाला टाकले, दाखवायपुरते प्रेम होते. तिने कोणालाही कारण सांगितले नाही.

मी निवृत्त झालो, अड्यारला राहायला आलो. नव्या प्रार्थनामंदिराचे काम पूर्ण झाले तेव्हा तिने मला बोलावले. भाऊ तोवर सुटला होता आणि बर्फाच्या कारखान्यात कामाला लागला होता. मंदिराच्या किल्ल्या किंवा कोणतीही जबाबदारी त्याला पुन्हा द्यायची नाही, हे तिनेच ठरवले होते. माफी वेगळी आणि लोकांच्या जिवाची काळजी वेगळी, असे ती मला म्हणाली होती.

उपासना चालू असताना तो मला समोरच्या चहाच्या टपरीवर उभा दिसला. मी जाऊन शेजारी उभा राहिलो. आतून तिचा आवाज येत होता.

“आत जात नाही?” मी विचारले.

“नको.” त्याने चहाचा घोट घेतला. “लोकांना वाटतं, शिक्षा भोगली की आतलं सगळं धुऊन निघतं. तिचा आवाज ऐकला की अजून जळतं, अय्या. फक्त आता जळतंय हे मला कळतं. मग मी इथं येऊन चहा पितो.”

इतक्या वर्षांत गुन्हेगाराच्या तोंडून इतके खरे बोलणे मी क्वचितच ऐकले असेल.

उपासना संपली. लोक बाहेर आले, त्यांच्या मागोमाग तीही दारात आली. तिने त्याला पाहिले. रस्ता ओलांडून यायला तिला फार तर अर्धे मिनिट लागले असते, आणि सगळी मंडळी ते कौतुकाने पाहत राहिली असती. ती क्षणभर थांबली, मग वळून आत गेली.

दगड झेलणाऱ्या तिला मी धीट म्हणत आलो होतो. लोकांच्या डोळ्यांत निष्ठुर ठरण्याची तयारी ठेवून तिने त्या दिवशी पाठ फिरवली, त्यालाही धैर्यच म्हणतात, हे मला त्या टपरीवर कळले. तिच्या भावाला ते कळले की नाही, सांगता येत नाही. त्याने ग्लास खाली ठेवला आणि बराच वेळ त्या रिकाम्या दाराकडे पाहत राहिला.